तांबं झांबियाचं, हिशेब लंडनचा

१९७९ साली रुमानियाच्या कम्युनिस्ट सरकारनं झांबियाला दीड कोटी डॉलर उधार दिले. कशासाठी, तर ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं घ्यायला. पुढे झांबियाचे हप्ते थकले, रुमानियातली राजवट कोसळली, आणि १९९९ मध्ये तिथल्या नव्या सरकारनं हे जुनं येणं विकायला काढलं. व्याज धरून ते तीन कोटी डॉलरच्या घरात गेलं होतं. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदणी असलेल्या डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीनं ते सुमारे ३३ लाख डॉलरना घेतलं आणि काही वर्षांनी लंडनच्या हायकोर्टात झांबियाकडे तब्बल साडेपाच कोटी डॉलर मागितले. २००७ मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूच्या साक्षींबद्दल कडक शब्द वापरले, मागणी बरीच कापली, तरी सुमारे दीड कोटी डॉलर झांबियाला द्यावेच लागले.

या धंद्याला ‘गिधाड फंड’ म्हणतात. बुडीत देशाचं कर्ज कवडीमोलानं घ्यायचं. इतर धनकोंनी माफी दिली की देशाच्या तिजोरीत चार पैसे उरतात. नेमकं तेव्हाच कोर्टात जायचं आणि पूर्ण रक्कम मागायची. कायद्यानं यात काही बेकायदा नव्हतं. या खटल्यावरून ओरड झाली तेव्हा २०१० मध्ये ब्रिटननं कायदा केला आणि माफी मिळालेल्या गरीब देशांच्या जुन्या कर्जावर अशी पूर्ण वसुली करायला बंदी घातली.

गोष्ट चमचमीत आहे, म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते. पण ती टोकाची आहे. रोजचा मामला याहून साधा आणि जास्त महाग असतो.

झांबिया आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट, लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. उत्तरेला कॉपरबेल्ट नावाचा पट्टा आहे: किटवे, न्दोला, चिंगोला, मुफुलिरा, लुआन्श्या ही सगळी खाणीभोवती वसलेली गावं. ब्रिटिशांच्या काळापासून देश या एका धातूवर चालतो. माझं म्हणणं असं की परकीय कर्ज आणि परकीय कंपन्या हे दोन वेगळे विषय म्हणून वाचले तर दोन्ही नीट कळत नाहीत. कर्ज अंगावर आलं की देश आपली खाण पडत्या भावात विकतो. विकताना केलेल्या करारामुळे भाव चढल्यावर मिळायचा पैसा मिळत नाही. तो मिळत नाही, म्हणून पुन्हा कर्ज. झांबियात हे कसं घडलं ते क्रमानं पाहू.

पिठाचा भाव

२४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला. केनेथ कौंडा राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा निर्यातीतली दहातली नऊ नाणी तांब्याची होती, आणि तांब्याला भाव होता. १९६९ मध्ये सरकारनं खाणींचे ५१ टक्के भाग आपल्याकडे घेतले. पुढे सगळ्या खाणी मिळून झेडसीसीएम नावाची एकच सरकारी कंपनी झाली. ही कंपनी तांबं तर काढायचीच, शिवाय खाण कामगारांची घरं, दवाखाने, शाळा, रस्त्यावरचे दिवे, कचरा, फुटबॉलचे संघ असं सगळं चालवायची. किटवेच्या जुन्या वस्त्यांमधले म्हातारे अजूनही त्या दिवसांबद्दल सांगतात, आणि त्यात स्मरणरंजनाचा भाग असला तरी सगळं खोटं नाही.

१९७४-७५ मध्ये तांब्याचा भाव वर्षभरात निम्म्यावर आला. त्याच सुमाराला तेल महागलं. भाव ठरतो लंडन मेटल एक्सचेंजमध्ये, त्यात कौंडांच्या हातात काहीच नव्हतं. भाव पुन्हा चढेल असं झांबियालाही वाटत होतं आणि कर्ज देणाऱ्यांनाही, म्हणून मधली वर्षं कर्जावर काढायची ठरली. भाव काही चढला नाही. उलट १९८० च्या आसपास अमेरिकेनं महागाई आवरायला व्याजदर भरमसाट वाढवले आणि जगभरची डॉलरमधली कर्जं महागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दरडोई कर्जाच्या हिशेबात झांबिया जगातल्या सगळ्यात बुडालेल्या देशांमध्ये गणला जाऊ लागला.

अशा वेळी देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे, म्हणजे आयएमएफकडे जातो. आयएमएफ जे देतो ते फार मोठं नसतं. पण त्याची सही झाल्याशिवाय बाकीचे कुणी दारात उभं करत नाहीत. त्या सहीची किंमत म्हणजे अटी: चलनाचा भाव मोकळा सोडा, सरकारी नोकऱ्या आटवा, अनुदानं बंद करा, सरकारी कंपन्या विका.

अनुदान बंद करणं म्हणजे नेमकं काय होतं, हे डिसेंबर १९८६ मध्ये दिसलं. झांबियात रोजचं जेवण म्हणजे न्शिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भाजी किंवा सुक्या मासोळीबरोबर. पिठाचे दोन प्रकार: बारीक पांढरं ते ‘ब्रेकफास्ट’, आणि जाडंभरडं ते ‘रोलर’. सरकारनं बारीक पिठावरचं अनुदान काढलं. भाव एका झटक्यात दुपटीच्या वर गेला. गरिबांसाठी जाड्या पिठाचा भाव तोच राहील, फरक सरकार गिरण्यांना नंतर भरून देईल, असं ठरलं होतं. कागदावर योजना बरी होती. पण सरकारकडून पैसे वेळेवर येतील यावर गिरणीवाल्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी जाडं पीठ दळणंच बंद केलं. बाजारात फक्त महाग पीठ उरलं. कॉपरबेल्टमध्ये दंगली उसळल्या, किमान १५ माणसं मेली. कौंडांनी भाव पूर्ववत केला आणि गिरण्या सरकारजमा केल्या.

मे १९८७ मध्ये त्यांनी आयएमएफशी फारकत घेतली. निर्यातीतून मिळणाऱ्या निव्वळ पैशातले १० टक्केच कर्जफेडीला देऊ, असं जाहीर केलं. लोकांना ते आवडलं. देणगीदार देशांनी मदत आखडली आणि दोन वर्षांत कौंडा परत त्याच दारात. जून १९९० मध्ये पीठ पुन्हा दुपटीहून महाग, पुन्हा दंगल, या वेळी राजधानी लुसाकात. १९९१ च्या निवडणुकीत कौंडा पडले. कामगार चळवळीतून आलेले फ्रेडरिक चिलुबा निवडून आले, आणि कामगारांच्या या नेत्याच्याच राजवटीत सगळ्या खाणी विकल्या गेल्या.

त्याच काळात आपल्याकडेही जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं परदेशात गहाण ठेवायला गेलं होतं. आपणही आयएमएफच्या अटी घेतल्या. पण भारत सरकारचं बरंचसं कर्ज रुपयांत आहे आणि आपल्याच लोकांकडून, आपल्याच बँकांकडून घेतलेलं आहे. निर्यातही एकाच मालावर नाही. झांबियाला यातलं काहीच नव्हतं.

खाण विकताना काय लिहून दिलं

नव्वदच्या दशकात झेडसीसीएम खिळखिळी झाली होती. तांब्याचं उत्पादन सत्तरच्या दशकारंभी वर्षाला सात लाख टनांच्या आसपास होतं, ते अडीच लाखांवर आलं होतं. यंत्रं जुनी, सरकारची ढवळाढवळ भरपूर. तेव्हा खाणी विकायलाच नको होत्या असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्याची अवस्था काय होती, ते महत्त्वाचं. कर्जमाफी आणि मदत मिळवायची तर आधी खाणी विका, अशी अट होती, आणि खरेदी करणाऱ्यांना ती ठाऊक होती. तांब्याचा भाव तळाला होता. घेणारा थांबू शकत होता, विकणारा नाही.

लुआन्श्याची खाण १९९७ मध्ये भारतातल्या बिनानी समूहाकडे गेली; तीन वर्षांत ती कंपनी बसली आणि हजारो कामगार थकलेल्या पगारासकट घरी. मुफुलिरा आणि किटवेची मोपानी खाण २००० मध्ये ग्लेनकोर या स्वित्झर्लंडच्या व्यापारी कंपनीच्या हाती गेली. चिंगोलाची मोठी कोंकोला खाण आधी अँग्लो अमेरिकननं घेतली. नफा दिसेना म्हणून दोन वर्षांत ते निघून गेले. मग २००४ मध्ये कोंकोलाचे ५१ टक्के घेतले वेदांतानं, रोख २.५ कोटी डॉलरना.

वेदांताचं नाव मराठी वाचकाला नवीन नाही. याच समूहाच्या स्टरलाइट कंपनीचा तांबं वितळवण्याचा कारखाना नव्वदच्या दशकात रत्नागिरीत यायचा होता. आंबा-बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी आंदोलन केलं, १९९३ मध्ये बांधकाम थांबवावं लागलं, आणि कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. गोव्यातली सेसा गोवाही २००७ पासून याच समूहाची. तर या समूहाचे प्रमुख अनिल अग्रवाल यांचं बंगळुरूतलं एक भाषण २०१४ मध्ये झांबियात फिरलं. झांबिया खाणीचे ४० कोटी डॉलर मागत होता, मी अडीच कोटींचं पत्र दिलं, आणि आता ती खाण दरवर्षी किमान ५० कोटी डॉलर देते, असं ते हसत हसत सांगत होते, आणि सभागृहात टाळ्या पडत होत्या. झांबियात मात्र ही खाण तोट्यात असल्याचं कंपनी सांगत आली होती. चिडलेल्या सरकारनं हिशेब तपासायचं जाहीर केलं. कंपनीनं नंतर खुलासे केले. नफा खरा किती, याचा वाद तेव्हाही होता. पण व्यासपीठावरचा माणूस एक सांगतो आणि कर भरायच्या जागी दुसरं, हे झांबियातल्या रस्त्यावरच्या माणसाला पुरेसं कळलं.

खाणीच्या किमतीपेक्षा मोठं नुकसान करारांत होतं. ‘डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट’ नावाचे हे करार बराच काळ गुप्त होते. त्यांत काय होतं? रॉयल्टी, म्हणजे जमिनीतला माल काढल्याबद्दल देशाला द्यायची रक्कम, ०.६ टक्के. आधीचा तोटा पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या नफ्यातून वजा करायची मुभा. आणि सगळ्यात घातक कलम: तितकीच वर्षं संसदेनं कराचा कायदा बदलला तरी तो या कंपन्यांना लागू होणार नाही.

०.६ टक्के म्हणजे किती, ते मांडून पाहू. २००१-०२ मध्ये तांबं टनाला १,६०० डॉलरच्या आसपास होतं; तेव्हा रॉयल्टी टनामागे दहा डॉलरच्या आत. २००६ मध्ये चीनच्या मागणीमुळे भाव ८,००० डॉलरच्या वर गेला. मालाची किंमत सहा-साडेसहा हजार डॉलरनं वाढली. देशाची रॉयल्टी दहावरून साधारण ४८ डॉलरवर आली. उरलेल्या पैशावर आयकर मिळायला हवा होता, पण तिथे जुना तोटा वजा होत होता. देशाच्या इतिहासातली तांब्याची सगळ्यात मोठी तेजी आली आणि सरकारच्या हाताला जवळजवळ काही लागलं नाही.

२००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी धाडस करून हे करार मोडीत काढले, रॉयल्टी ३ टक्के केली आणि चढ्या भावावर वेगळा कर लावला. त्याच वर्षी ते वारले. वर्षअखेरीला जागतिक मंदीत तांबं ३,००० डॉलरच्या खाली गेलं, कंपन्यांनी कामगार कपात सुरू केली, आणि पुढच्या सरकारनं २००९ मध्ये तो तेजीवरचा कर मागे घेतला. दोन वर्षांनी तांबं १०,००० डॉलरवर पोचलं. मला या सगळ्या कहाणीत हा प्रसंग सर्वांत चटका लावतो. भाव पडलेला असताना देश दबतो, आणि तेव्हा दिलेली सवलत भाव चढल्यावर चालूच राहते.

नफा दाखवायचा की नाही, हेही बऱ्याच अंशी कंपनीच्याच हातात असतं. मोपानी आपलं तांबं विकायची कोणाला, तर आपल्याच मालकाला, ग्लेनकोरला. आपण आपल्यालाच विकताना भाव कमी लावला तर झांबियातल्या कंपनीचा नफा घटतो, कर घटतो. आणि नफा उगवतो जिथे कर कमी तिथे. तांबं जातं जहाजानं आशियात, कागदावर मात्र ग्राहक स्वित्झर्लंडचा, ज्याला समुद्रच नाही. झांबियाच्या कर खात्यानं २००६ ते २००९ या वर्षांचे मोपानीचे व्यवहार तपासले आणि वाढीव कर लावला. कंपनी कोर्टात गेली. मे २०२० मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयानं कर खात्याच्या बाजूनं निकाल दिला: बाजारापेक्षा कमी भावात विक्री झाली, सुमारे १.३ कोटी डॉलर भरा. गरीब देशाच्या कर खात्यानं एवढी मोठी कंपनी हरवणं ही दुर्मिळ गोष्ट आहे. पण एका खाणीच्या तीन-चार वर्षांच्या हिशेबाला दहा वर्षं लागली, हेही त्यातच आलं.

कफुवे नदीचा विषय इथे ओघानं येतो. चिंगोलाच्या आसपासच्या गावांतल्या १,८२६ लोकांनी लंडनच्या कोर्टात वेदांता आणि कोंकोलाविरुद्ध दावा लावला, की खाणीच्या सांडपाण्यानं आमची नदी आणि शेतं नासली. दावा झांबियातच चालवा, असं कंपनीचं म्हणणं. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. कारण असं की झांबियात एवढा गुंतागुंतीचा खटला चालवायला लागणारा पैसा आणि वकील या गावकऱ्यांना मिळणंच शक्य नाही. २०२१ मध्ये दोष मान्य न करता कंपनीनं तडजोड केली. ज्या लंडनमध्ये रुमानियाच्या ट्रॅक्टरांची वसुली झाली, तिथेच गावकऱ्यांना दाद मागावी लागली.

कर्ज माफ झालं, मग परत कसं आलं

२००५-०६ मध्ये झांबियाला मोठी कर्जमाफी मिळाली. सुमारे ७०० कोटी डॉलरचं परकीय कर्ज ५० कोटींच्या आसपास आलं. फरक लगेच दिसला: एप्रिल २००६ पासून ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांत तपासणीची फी बंद झाली. त्याच्या दोन वर्षं आधी, माफीच्या अटी पुऱ्या करताना सरकारी पगारांवर मर्यादा असल्यामुळे हजारो प्रशिक्षित शिक्षक घरी बसून होते आणि शाळांना शिक्षक नव्हते.

पण पाटी कोरी झाली की नवे ग्राहक म्हणून कर्ज देणारेही येतात. २०१२ मध्ये युरोप-अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्यावर होते. तिथल्या फंडांना कुठून तरी जास्त व्याज हवं होतं. सप्टेंबरमध्ये झांबियानं पहिल्यांदा डॉलरमधले रोखे काढले, ७५ कोटींचे, आणि मागणी आली त्याच्या कितीतरी पट. व्याज साडेपाच टक्क्यांच्या आसपास. त्या दिवसांत स्पेनला यापेक्षा जास्त व्याज पडत होतं, म्हणून लुसाकात छाती फुगली होती. २०१४ मध्ये आणखी १ अब्ज, साडेआठ टक्क्यांनी. २०१५ मध्ये सव्वा अब्ज, नऊ टक्क्यांच्याही वर. जोडीला चिनी बँकांची कर्जं: रस्ते, विमानतळ, कफुवे नदीवरचा ७५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प.

डॉलरमधलं कर्ज धोक्याचं का, हे २०१४ च्या रोख्यावरून समजतं. १ अब्जावर साडेआठ टक्के म्हणजे वर्षाला ८.५ कोटी डॉलर व्याज. रोखे काढले तेव्हा एका डॉलरला साधारण ६ क्वाचा, म्हणजे झांबियाचं चलन, पडायचे. म्हणजे व्याज ५१ कोटी क्वाचा. पुढे तांबं पडलं, दुष्काळानं धरणं आटली, वीज गेली, आणि क्वाचा घसरत २०२० मध्ये डॉलरला २० च्या पलीकडे गेला. तेच ८.५ कोटी डॉलर आता १७० कोटी क्वाचांहून जास्त. एक नवा पैसाही न उचलता व्याज तिप्पट. सरकार कर गोळा करतं क्वाचात, फेडतं डॉलरमध्ये. आणि क्वाचा पडतो कधी? तांबं पडतं तेव्हाच, म्हणजे हातात डॉलर कमी असतात नेमके त्याच वेळी.

आता वाचक म्हणेल, कर्ज काढायला कोणी सांगितलं होतं? रास्त प्रश्न आहे. झांबियाच्या पुढाऱ्यांनी काही कमी केलं नाही. चिलुबांविरुद्ध २००७ मध्ये लंडनच्याच हायकोर्टात दिवाणी निकाल गेला, की त्यांनी आणि साथीदारांनी सुमारे ४.६ कोटी डॉलरचा सरकारी पैसा लाटला. जिनीव्हातल्या एका दुकानातून घेतलेले सूट आणि उंच टाचांचे बूट त्या खटल्यात गाजले. (पुढे झांबियातल्या फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले.) राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगूंच्या सरकारनं २०१७ मध्ये ४२ अग्निशमन बंब ४.२ कोटी डॉलरना घेतले, एकेक बंब दहा लाखांना. लोक रस्त्यावर उतरले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, झांबियानं जो व्याजाचा हप्ता चुकवला आणि कोविडकाळात दिवाळखोरीत गेलेला पहिला आफ्रिकी देश ठरला, तो हप्ता होता ४.२५ कोटी डॉलरचा.

पण पैसा उधळणाऱ्याला नऊ टक्क्यांनी पैसा देणाऱ्यानंही काही पाहिलेलं असतं. नऊ टक्के व्याज हे बुडण्याच्या शक्यतेचंच मोल असतं. ती किंमत वर्षानुवर्षं घ्यायची आणि बुडाल्यावर मुद्दल पूर्ण मागायचं, हे दोन्ही एकदम बसत नाही.

इथे चीनबद्दल एक खुलासा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चीननं झांबियाची वीज कंपनी घेतली, विमानतळ घेतला’ अशा गोष्टी अजून फिरतात. २०१८ मध्ये तशा बातम्या उठल्या होत्या. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही. चीनची कर्जं मोठी आणि अपारदर्शक होती, पण सगळ्यात महाग पडलं ते पाश्चात्त्य फंडांनी घेतलेल्या रोख्यांचं व्याज.

तीन वर्षांची घासाघीस

गावातला माणूस सावकाराच्या विळख्यात सापडला तरी त्याच्यासाठी दिवाळखोरीचा कायदा असतो, कोर्ट असतं, सगळ्या देण्यांची एकत्र यादी होते. देश बुडाला तर असं कोर्टच नाही. प्रत्येक धनकोशी वेगळं बसायचं. मी सूट द्यायची आणि त्या पैशातून दुसऱ्याची फेड व्हायची, हे कुणालाच नको असतं, म्हणून जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो.

झांबियानं २०२१ च्या सुरुवातीला जी-२० च्या ‘कॉमन फ्रेमवर्क’ या, गरीब देशांच्या कर्जाची नव्यानं मांडणी करायच्या व्यवस्थेत अर्ज केला. ऑगस्टमध्ये हाकाइंडे हिचिलेमा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पुढच्या वर्षी आयएमएफनं १३० कोटी डॉलर मंजूर केले. इंधनावरचं अनुदान गेलं. पण या वेळी सुमारे ३०,००० शिक्षकांची भरतीही झाली, हे मान्य केलं पाहिजे. कर्ज देणाऱ्या देशांच्या ज्या समितीचे चीन आणि फ्रान्स सहअध्यक्ष होते तिनं जून २०२३ मध्ये या देशांच्या ६३० कोटी डॉलरच्या कर्जाला मुदतवाढ दिली; त्यातले ४०० कोटींहून अधिक चीनच्या एक्झिम बँकेचे. मग रोखेधारकांशी नोव्हेंबरमध्ये ठरलं, तर ही सूट आमच्यापेक्षा कमी आहे म्हणून समितीनं तो सौदा उडवला. अखेर जून २०२४ मध्ये रोख्यांची अदलाबदल झाली. त्यात एक कलम आहे: झांबियाची निर्यात आणि महसूल सुधारला, तर रोखेधारकांना जास्त आणि लवकर मिळेल. उलट बाजूनं, परिस्थिती बिघडली तर कमी घेऊ, असं कलम मात्र नाही.

आणि परिस्थिती बिघडलेली होतीच. २०२४ मध्ये भयंकर दुष्काळ पडला, मक्याचं पीक गेलं, करिबा धरण तळाला गेलं, काही भागांत दिवसाला जेमतेम तीन-चार तास वीज. फेब्रुवारी २०२५ मध्ये किटवेजवळ एका चिनी कंपनीच्या तांबं-प्रकल्पाचा बांध फुटला, आम्लाचं पाणी कफुवेत गेलं आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला.

खाणींचं काय झालं? कोंकोला २०१९ मध्ये सरकारनं वेदांताकडून काढून घेतली होती, कंपनीनं कबूल केलेली गुंतवणूक केली नाही असं म्हणून. चार-पाच वर्षांच्या कोर्टबाजीनंतर २०२४ मध्ये ती वेदांताकडेच परत गेली.

मोपानीची कथा जास्त बोलकी आहे. २०२० मध्ये ग्लेनकोरला खाण बंद ठेवायची होती. वर्षावर निवडणूक आलेली, हजारो नोकऱ्यांचा प्रश्न, म्हणून सरकारनं आपल्या कंपनीमार्फत ती विकत घेतली. किंमत एक डॉलर. सोबत दीड अब्ज डॉलरचं कर्ज, आणि ते द्यायचं कोणाला, तर ग्लेनकोरलाच, खाणीच्या उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक टक्के. कर्ज फिटेपर्यंत तांबं विकायचं तेही ग्लेनकोरला. खाण देशाची, माल जुन्या मालकाचा, देणं देशाच्या माथी, आणि हे सगळं देश दिवाळखोर झाल्यावर दोन-तीन महिन्यांत. २०२४ मध्ये त्यातले ५१ टक्के अबू धाबीच्या एका कंपनीनं १.१ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतले. तेव्हा तांबं चढत होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात ते पुन्हा १०,००० डॉलरच्या वर गेलं. वीजवाहिन्या, बॅटऱ्या, इलेक्ट्रिक गाड्या यांच्यासाठी सगळ्या जगाला तांबं हवं आहे. झांबियात आता रॉयल्टी भावाबरोबर वरच्या टप्प्यांत चढत जाते, ०.६ टक्क्यांचे दिवस गेले. ती पुढच्या मंदीत किती टिकते, आणि त्या वेळी देशाच्या डोक्यावर डॉलरमधलं किती कर्ज असेल, यावर या तांब्यातला झांबियाचा वाटा ठरेल.